बाई, तुम्ही किती वर्षं राहणार?

(आटपाडी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, ‘मुस्लिम मुलं शिक्षणात मागे का?’ या विषयावर मी इतक्या वेळा बोलले आहे की आता माझं मलाच पाठ झालं आहे. गरिबी, मुलींची लवकर लग्नं, पोरांना लवकर गॅरेजला लावणं, हे सगळं तुम्हीही ऐकलेलं आहे. म्हणून मी संयोजकांना म्हटलं, आज एकाच गोष्टीवर बोलू द्या, जिच्यावर आपल्या बैठकांत कुणी बोलत नाही. शाळेतला शिक्षक टिकत नाही, ही ती गोष्ट. हा प्रश्न फक्त मुस्लिम मुलांचा नाही हे मला माहीत आहे. तो धनगराच्या पोराचा आहे, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोरीचा आहे. पण तो आपलाही आहे. सच्चर समितीने २००६ सालीच सांगून ठेवलंय की शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी चार टक्क्यांच्या आसपास आहेत. बाकीची साध्या शाळांत आहेत. आपल्या भागात म्हणाल तर बहुतेक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. म्हणजे त्या शाळेतला गुरुजी राहतो की जातो, यावर आपल्या लेकरांचं पुष्कळ काही ठरतं.

मी १९८८ साली नोकरीला लागले आणि २०२४ ला निवृत्त झाले. छत्तीस वर्षांत सात शाळा. दोन शाळांत नऊ-नऊ वर्षं काढली, एका शाळेत फक्त अकरा महिने.

वस्तीवरच्या एका शाळेत हजर झाले तेव्हाची गोष्ट. एस.टी.तून उतरून तीन किलोमीटर चालत गेले. शाळेच्या कट्ट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. मला वाटलं, आता नाव विचारतील, मग आडनाव ऐकून गप्प होतील. हा अनुभव मला नवा नव्हता. पण त्यांनी ना नाव विचारलं, ना जात. म्हणाले, “बाई, तुम्ही किती वर्षं राहणार?” मला तेव्हा राग आला होता. आल्याआल्या जायचं काय विचारता! नंतर शाळेची कागदपत्रं चाळली आणि कळलं, बाबांचा प्रश्न बरोबर होता. माझ्याआधी चार वर्षांत तिथे पाच जण येऊन गेले होते.

आपण माणदेशात बसलोय. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ इथल्याच मातीतली. औंध संस्थानचा काळ, एकशिक्षकी शाळा, नवखा मास्तर आणि मेंढरं घेऊन रानोमाळ जाणारी माणसं. त्यात मुलाण्याचा आयबूही आहे, मास्तरांना सोबत करणारा. तुमच्यातल्या कुणी वाचली नसेल तर वाचा. आपण या मातीत पाहुणे नाही, हे त्यातल्या आयबूकडे बघून कळतं. त्या गोष्टीत मास्तर हळूहळू वाडीचा होत जातो. पण शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. तेव्हा पोरं शाळेतून जात होती. आता टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबं आहेत, वस्त्या पूर्वीपेक्षा थांबल्या आहेत, आणि आता मास्तर जातोय.

का जातो? आळशी आहे म्हणून, असं चहाच्या टपरीवर म्हणतात. इतकं सोपं नाही.

पूर्वी बदली म्हणजे वशिला. कुणाची तरी चिठ्ठी, कुणाचा तरी फोन. ज्याची ओळख तो तालुक्याच्या गावाजवळ, ज्याची नाही तो जतच्या नाहीतर आटपाडीच्या कोपऱ्यात. हे मोडायला सरकारने २७ फेब्रुवारी २०१७ ला नवं धोरण काढलं. गावांची ‘अवघड क्षेत्र’ आणि ‘सर्वसाधारण क्षेत्र’ अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क. अर्ज ऑनलाइन, पसंतीक्रम भरायचा, यादी संगणक लावणार. आजारी, दिव्यांग, विधवा अशांना वेगळा संवर्ग. पती-पत्नी एकत्रीकरणाला वेगळा. एप्रिल २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. माझं मत विचाराल तर धोरण पहिल्यापेक्षा पुष्कळ न्यायाचं आहे. माझ्यासारख्या बिनओळखीच्या बायकांना त्याने हक्क दिला. पण त्यात शिक्षकांनीच एक शब्द आणला, तो ऐका: ‘खो’. ज्याला हक्क आहे तो दुसऱ्याची जागा मागतो, म्हणजे त्याला खो देतो. ज्याला खो बसला तो उठून तिसरीकडे जातो. ज्याला कुठेच मिळालं नाही तो ‘विस्थापित’. खो-खोच्या खेळात बसलेल्यांची तोंडं आलटून पालटून असतात. इथेही तसंच, फक्त मध्ये पोरं बसलेली असतात आणि त्यांना कुणी पसंतीक्रम विचारत नाही.

आणि ‘अवघड क्षेत्र’ या शब्दातच एक गोम आहे. तीन वर्षं झाली की सुटका. म्हणजे धोरणच शिक्षकाला सांगतंय की हे गाव शिक्षा आहे, भोगून बाहेर पड. पहिलीतलं पोरगं चौथीत जायच्या आत त्याचा गुरुजी सुटून गेलेला असतो.

दुसरं कारण भरतीचं. आता भरती पवित्र पोर्टलवरून राज्यभराची होते. गुणांनुसार जिल्हा मिळतो. आपल्या माणदेशातली कितीतरी पोरं रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिक्षक आहेत. पावसात कौलं गळणाऱ्या खोलीत राहतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात. इकडे मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला मुलगा आपल्या वस्तीवर बसून त्याच्या जिल्ह्याची वाट बघतो. दोघंही चांगले शिक्षक असतील. पण दोघांचंही लक्ष वर्गात कमी आणि मोबाइलवरच्या यादीत जास्त. त्यांना दोष कसा द्यायचा? त्याची आई तिकडे आजारी आहे, लहान लेकरू तिकडे आहे. शिवाय पहिली तीन वर्षं तो ‘शिक्षण सेवक’. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार मानधन होतं. नंतर सहा हजार झालं आणि दहा वर्षांवर तिथेच अडकलं. जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. सोळा हजारांत घरापासून चारशे किलोमीटरवर संसार मांडून बघा.

तिसरं कारण पटाचं, आणि हे नीट ऐका, कारण यात तुमचा हात लागू शकतो. किती शिक्षक मंजूर व्हायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आपल्या तालुक्यातलं चित्र काय? काही घरं गलाईच्या धंद्यात देशभर विखुरलेली, काही ऊसतोडीला, काही मेंढरांमागे. पोरगं नातेवाइकाकडे जातं, नाव कमी होतं. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. दोन शिक्षक होते तिथे एक उरतो. चार वर्गांना एक शिक्षक बघून जरा पैसे असलेला बाप पोराला पिवळ्या गाडीत घालून इंग्रजी शाळेत पाठवतो. पट आणखी घटतो. उरतात कुणाची पोरं? ज्याला गाडीचं भाडं परवडत नाही त्याची. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर तर सहावी ते आठवीला वीस मुलं नसतील तर शिक्षक मिळणं आणखी अवघड झालं, आणि शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ म्हणतं की कुठल्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे पन्नास टक्के झाले!

उर्दू शाळांचं दुखणं आणखी वेगळं. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असलेल्या जागांना उर्दू माध्यमाचा उमेदवार मिळत नाही, म्हणून त्या जागा वर्षानुवर्षं तशाच राहतात. आरक्षण काढा असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नका. पण जागा रिकामी ठेवून आरक्षणवाल्याचाही फायदा होत नाही आणि मुलांचाही नाही. यावर तोडगा काढा असं आपण कधी एकत्र येऊन मागितलंय का? निवेदनं बाकी आपण पुष्कळ देतो.

आता परिणाम. अमेरिकेत रॉनफेल्ट, लोब आणि विकॉफ या तीन अभ्यासकांनी न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांची आठ वर्षांची माहिती तपासली. २०१३ साली त्यांचा लेख आला. ज्या इयत्तेतले शिक्षक जास्त बदलले त्या इयत्तेची मुलं गणितात आणि भाषेत दोन्हीकडे मागे पडली. यात काय नवीन, असं म्हणाल. नवीन असं की ज्यांचा स्वतःचा शिक्षक बदलला नव्हता त्यांच्यावरही परिणाम झाला होता. आणि सगळ्यात जास्त फटका आधीच मागे असलेल्या आणि काळ्या मुलांच्या शाळांना. मी हे वाचलं आणि वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आली. सोबतचे सर गेले की माझ्या वर्गाचाही निम्मा दिवस जायचा. नव्या सरांना पोषण आहाराची नोंद शिकवा, ऑनलाइन माहिती भरायला शिकवा, कुणाचं घर कुठे ते सांगा.

मुलाच्या बाजूने बघितलं तर पहिली-दुसरीत आपलं पोरगं घरात दखनी बोलतं आणि शाळेत मराठी. “मेरेकू नको” म्हणणारं पोर “मला नको” म्हणायला लागायला सहा महिने जातात. शिक्षकाला ते माहीत असेल तर तो हसत नाही, वाट बघतो. नवा आलेला म्हणतो, पोरगं मंद आहे. एकदा हा शिक्का बसला की तो खोडायला दुसरा शिक्षक यावा लागतो, आणि तो येईपर्यंत पोरगं पाचवीत गेलेलं असतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, बाई सरकारला आणि धोरणाला नावं ठेवून मोकळ्या झाल्या.

त्या म्हातारबाबांच्या वस्तीवर मी तीन वर्षं राहिले. तिथे मुलाण्याची एक मुलगी होती, तिसरीत. नाव सांगत नाही. गणितात इतकी तयार की मी फळ्यावर उदाहरण लिहून होईतो हिचं उत्तर तयार. तिच्या बापाला मी दर महिन्याला गाठायचे: हिला पाचवीला पुढच्या गावात पाठवायचं, मी स्वतः नेऊन नाव घालणार. तो म्हणायचा, “बाई, तुम्ही हाय तवर काळजी न्हाय.”

माझे पती तेव्हा विट्याला होते. माझा मुलगा दोन वर्षांचा, सासूबाईंकडे. आठवड्यातून एकदा मी त्याला भेटायचे आणि तो मला बघून सासूबाईंच्या मागे लपायचा. मी एक चिठ्ठी मिळवली. कुणाची ते सांगत नाही, पण मिळवली. जूनमध्ये बदली झाली. निघताना पोरं एस.टी.पर्यंत चालत आली. ती मुलगी आली नव्हती.

बारा-तेरा वर्षांनी खरसुंडीच्या यात्रेत मी बांगड्या घ्यायला एका दुकानापुढे बसले. भरणारीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बाई, वळखलं न्हाई?” तीच. सोबत दोन लेकरं. मला काय बोलावं सुचेना. तीच बोलत होती, हसत हसत. म्हणाली, “तुमी गेल्यावर दोन वर्सांत तीन गुरुजी आले. तिसऱ्या गुरुजींना माझं नाव पाठ व्हायच्या आत मी शाळा सोडली.” चौथीनंतर बापाने पाठवलंच नाही. कुणाच्या भरवशावर पाठवणार? उधारीची वही मात्र तीच लिहीत होती, अक्षर माझ्या वळणाचं. बांगड्यांचे पैसे तिने घेतले नाहीत.

मी बदली मागितली ते चूक होतं का? मी आजही नक्की सांगू शकत नाही. माझं लेकरू मला ओळखत नव्हतं. पण मी जाताना एक गोष्ट करू शकत होते आणि केली नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला त्या मुलीबद्दल एक ओळही लिहून ठेवली नाही. कार्यभार देताना आपण काय देतो? टेबल, खुर्ची, तांदळाची पोती, दाखल्यांचं पुस्तक. मुलं देत नाही. त्या यात्रेनंतर मी प्रत्येक शाळेत एक वही ठेवली. एका मुलाला एक पान. याला चष्मा लागेल, हिच्या घरी दारू आहे, हा वजाबाकीत हातचा विसरतो, हिला पुढच्या वर्षी शाळेतून काढतील, घरी जा. बदली झाली की ती वही नव्या शिक्षकाच्या हातात. दोघांनी बाजूला टाकली असेल. एकीने मला फोन केला होता, “मॅडम, पान अकरावरच्या मुलाला चष्मा मिळाला.”

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, वस्तीशाळांची. २०००-०१ च्या सुमारास दूरच्या वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. वस्तीवरचाच शिकलेला मुलगा किंवा सून तिथे स्वयंसेवक. मानधन सुरुवातीला हजार रुपये. हे लोक गेले नाहीत. दहा-बारा वर्षं तिथेच शिकवत राहिले आणि १ मार्च २०१४ पासून त्यांना शिक्षक म्हणून सामावून घेतलं. यावरून कुणी म्हणेल, बघा, पगार न देताही माणूस टिकतो. मला तसं म्हणायचं नाही, ती पिळवणूकच होती. पण ते टिकले, कारण शाळा सुटल्यावर ते घरी जात होते, पराया मुलखातल्या भाड्याच्या खोलीत नाही.

खोलीवरून आठवलं. माझ्या वेळी मला दोन गावांत खोली मिळाली नाही. आडनाव ऐकलं की “पाहुणे येणार हायेत” म्हणायचे. एका गावात शेवटी एका मराठा आजींनी स्वतःच्या घरात जागा दिली, माझ्यासाठी वेगळी चूल मांडली आणि चौथ्या दिवशी ती चूल काढून टाकली. पण मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. आज आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत गुरव, मातंग समाजाची, नाहीतर परजिल्ह्यातली एकटी मुलगी शिक्षिका म्हणून आली, तर आपण खोली देतो का? आपणही विचारतोच की, खाणं काय, जात काय, रात्री कोण येणार.

आणि आपल्या लोकांनी काढलेल्या शाळांचं काय? एका शाळेत, नाव घेत नाही, माझी भाची शिकवत होती. सही एका आकड्यावर, हातात निम्म्याहून कमी. तिने दोन वर्षांत सोडली. तिच्या आधीची दीड वर्षात सोडून गेली होती. संस्थाचालक म्हणाले, कौमची खिदमत समजा. खिदमत बाईंनीच करायची, चालकांनी नाही! १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टी.ई.टी. पास व्हायची. त्या खटल्यात महाराष्ट्रातलीच अंजुमन इशाअत-ए-तालीम ही संस्था होती. अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू करायचा की नाही, तो प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आता परीक्षेला बसवणं मला पटत नाही, त्यातले काही जण नोकरीच सोडतील ही भीतीही आहे. पण त्याच वेळी हेही म्हणते की अल्पसंख्याक दर्जा म्हणजे शिक्षकाला कमी पगारात राबवायचा परवाना नव्हे. आपल्या शाळेत दरवर्षी नवी बाई येत असेल तर त्याचं उत्तर दिल्लीला नाही, आपल्या संस्थेच्या हिशेबाच्या वहीत आहे.

फातिमा शेख यांचं नाव आपण प्रत्येक कार्यक्रमात घेतो. त्या झाल्याच नाहीत असं म्हणणारेही अलीकडे निघालेत. त्यांना सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र दाखवा. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावहून लिहिलेलं. सावित्रीबाई आजारपणात माहेरी आहेत आणि त्यांना काळजी आहे की आपल्या मागे सगळा भार फातिमावर पडला असेल. मला त्या पत्रात इतिहासापेक्षा शाळा दिसते. एक बाई रजेवर गेली तरी शाळा चालू राहिली, कारण मुलींना ओळखणारी दुसरी बाई तिथे होती. वस्तीवरच्या पोरांना एवढंच हवंय, एक गेला तर त्यांना नावाने हाक मारणारा दुसरा कुणीतरी.

तेव्हा तुम्ही काय करायचं, हे संयोजक मघापासून खुणावतायत. शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्याने तिच्यात पाऊणभाग पालक असतात, निम्म्या बायका. आपल्या किती आया तिथे आहेत? बहुतेक ठिकाणी नाव असतं आणि सही घरी आणून घेतात. समितीच्या बैठकीत दोन ठराव मांडा: रिकाम्या जागेचा, कलम २६ चा आकडा घालून, आणि बदलीच्या वेळी मुलांची वही द्यायचा. पहिल्याला वरून उत्तर येईल न येईल, दुसऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. नवा शिक्षक आला तर पहिल्या आठवड्यात खोली शोधून द्या.

आणि आधार. संचमान्यतेला मुलांचं आधार जुळलेलं लागतं. आपल्यात काय होतं, शाळेत ‘शेख’, आधारवर ‘शेक’. दाखल्यावर ‘मुलाणी’, आधारवर ‘मुल्ला’. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे खरी. पोरगं रोज वर्गात बसतं आणि संगणकात नसतं. अशी दोन-चार पोरं गळली की एक शिक्षक जातो. हे दुरुस्त करायला मोर्चा लागत नाही, एक दिवस केंद्रावर जाऊन बसावं लागतं.

ज्यांच्या घरात पहिली ते आठवीचं मूल आहे त्यांना मी आधारची आणि दाखल्याची झेरॉक्स आणायला सांगितलं होतं. जेवण झालं की मी बाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसते. नावं ताडून बघू. ज्यांनी आणली नसेल त्यांनी आत्ता घरी फोन करून फोटो मागवा.